अर्ध्या सेकंदाचा रामबाण

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. सहाला उठायचं ठरवलं होतं, सातला उठलो. पहिला दिवस धरत नाहीत.

संकल्प असे. रोज व्यायाम. रोज एक स्निपेट. साखर बंद, चहातली सोडून.

स्निपेट म्हणजे कोडचा छोटा, तयार तुकडा. दुसऱ्याने लिहिलेला उचलायचा, आपल्या अ‍ॅपमध्ये चिकटवायचा, की काम फत्ते. मी बारा वर्षं मोबाईल अ‍ॅप बनवतोय. डोक्यात इतकं साठलंय की कुणाला दिलं नाही तर नासून जाईल. म्हणून साहेबांना म्हटलं, कंपनीच्या आतल्या पानावर रोज एक स्निपेट टाकतो. विषय कन्करन्सी, म्हणजे अ‍ॅपने एकाच वेळी अनेक कामं गोंधळ न होऊ देता कशी करायची. साहेब म्हणाले, टाका की. एवढंच म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले. पण माणूस मनातून खूश झाला की कळतं.

२२ तारखेला सगळ्या अ‍ॅपवाल्यांचा मेळावा आहे. आमच्या कंपनीतून एक जण बोलणार. कोण, ते साहेबांनी जाहीर केलेलं नाही. मी शर्ट इस्त्रीला टाकला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
व्यायाम: नाही. (पाठ.)
स्निपेट पहिला: मुख्य धाग्याला अडवू नका. अ‍ॅपचा एक मुख्य धागा असतो. स्क्रीन दाखवणं आणि बोटाला लगेच ओ देणं हे त्याचं काम. त्याच्या गळ्यात जड काम मारलं की अ‍ॅप थिजतं, आणि माणूस वैतागून तेच बटण चार वेळा दाबतो. जड कामं मागच्या धाग्यांकडे सोपवा, मुख्य धागा मोकळा ठेवा.

हे लिहीत असताना गॅसवर दूध होतं. मी गॅससमोरच उभा होतो. बायको आतून आली आणि म्हणाली, दुधाकडे बघत दूध उतू घालवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तिला म्हटलं, मी बघत नव्हतो, विचार करत होतो, दिशा फक्त दुधाची होती. ओटा मी पुसला. तिने परत पुसला.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी, ऑफिसात
स्निपेट टाकला. लाइक सहा. त्यातला एक माझा, पण तो धरला तरी चालतो.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचत नाही. परवा सासरी जेवायला गेलो होतो. सासऱ्यांच्या एका मित्राने विचारलं, जावई काय करतात? बायको म्हणाली, मोबाईलमध्ये काहीतरी करतो. काहीतरी! लग्नाला अकरा वर्षं झाली. ती दातांची डॉक्टर, सासरे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. त्या घरात काम म्हणजे माणूस वाकडं तोंड करून आत जातो आणि सरळ तोंडाने बाहेर येतो. सासऱ्यांनी लगेच स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, याची रिंग फार हळू वाजते, बघा बरं, तुमचंच खातं ना हे?

अकरा वर्षांत बायकोने माझ्या कामाला एकदाही छान म्हटलेलं नाही. वाईटही म्हटलेलं नाही. म्हणणार कशाला, पाहिलेलंच नाही. तेव्हा ठरलं: तिच्या दवाखान्यासाठी अ‍ॅप. पेशंटने घरबसल्या वेळ घ्यायची. सोमवार, १७ तारखेपासून चालू. बायको म्हणाली, बघ बाबा, पेशंट माझे आहेत. म्हटलं, निश्चिंत राहा.

(रिंगचा आवाज वाढवता आला नाही. फोन जुना आहे.)

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ११
अर्धी रजा घेऊन दवाखान्यात पाहणी.

सध्याची पद्धत बघून हसू आवरेना. काउंटरवर मावशी बसतात. सासऱ्यांच्या काळापासून सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत, म्हणून मला अजून जावईबापू म्हणतात. समोर एक जाडजूड रजिस्टर, रोजचं एक पान. रजिस्टरला सुतळीने बांधलेली एक पेन्सिल. अख्ख्या दवाखान्यात वेळा लिहायला हीच एक. खुद्द डॉक्टरांना, म्हणजे माझ्या बायकोला, एखाद्या पेशंटची वेळ बदलायची असली तर तिनेही बाहेर येऊन पेन्सिल मागायची आणि मावशींचं लिहून होईपर्यंत उभं राहायचं.

फोन वाजत होता, समोर दोन माणसं उभी होती, आणि मावशी खाली मान घालून तिसऱ्याचंच नाव लिहीत होत्या. पूर्ण लिहून झालं, वेळ मोठ्याने वाचून दाखवली, मगच मान वर. एका पेशंटला अकरा सेकंद! मी घड्याळ लावून मोजलं.

मावशींना म्हटलं, हे सगळं आता जाणार. त्या म्हणाल्या, जाऊ दे की जावईबापू, पण दोघांनी एकदम साडेदहाचीच मागितली तर तुमचा फोन काय करेल? किती भाबडा प्रश्न. म्हटलं, मावशी, त्याच विषयावर तर माझं पान आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी
अ‍ॅप तयार! अडीच दिवसांत. आतलं काम सोपं आहे: आधी बघायचं की साडेदहाची वेळ रिकामी आहे का, रिकामी असली की तिथे नाव लिहायचं, आणि अभिनंदन म्हणायचं.

स्निपेट चौथा: बघणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट ठेवू नका. एकाने बघितलं, जागा रिकामी. तो लिहिणार तेवढ्यात दुसऱ्याने बघितलं, जागा रिकामीच. आता दोघंही लिहिणार. म्हणून बघण्याआधी कुलूप लावा, लिहून झालं की काढा, तोवर बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. सुंदर उतरला. लाइक चौदा.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. हुशार आहे, पण प्रत्येकाच्या कोडखाली शंका लिहून ठेवायची तिला खोड आहे. मी मनातल्या मनात तिला शंकासूर म्हणतो. आज मात्र तिनेही लिहिलं, हा फार उपयोगी आहे, सर. मग तिने दवाखान्याचं अ‍ॅप बघायला मागितलं. दिलं. तासाभराने तिची शंका आली: यात ते कुलूप कुठे दिसत नाही. म्हटलं, कुलूप मोठ्या अ‍ॅपसाठी. एका दवाखान्यात कोण एवढी गर्दी करतंय?

व्यायाम: जिना चढलो. (लिफ्ट बंद होती.)

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारी
घरी चाचणी. एक फोन बायकोकडे, एक सासऱ्यांकडे. दोघांनी साडेदहा दाबलं. दोघांना अभिनंदन.

सासरे म्हणाले, आता आत कोण जाणार, मी का माझी मुलगी? म्हटलं, असं कधी होत नाही, तुम्ही दोघांनी मुद्दाम एकदम दाबलंत. ते म्हणाले, मुद्दाम कशाला, तुम्हीच तर एक दोन तीन म्हणालात. या वयात बारीकसारीक गोष्टी लक्षात राहतात माणसाच्या.

बायकोने नुसता फोन परत दिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १० फेब्रुवारी. दुपारी ४
सापडलं! आंघोळ करतानाच सुचलं होतं, अंग न पुसताच लिहून ठेवलं.

चूक कधी होते? घाईत. मग घाई काढून टाका. वेळ रिकामी आहे का ते बघितलं, की अ‍ॅपने अर्धा सेकंद थांबायचं. श्वास घ्यायचा. सगळं स्थिरस्थावर होऊ द्यायचं. मग लिहायचं. एका ओळीचं काम. चाळीस वेळा चाचणी घेतली, एकदाही दोघांना एक वेळ गेली नाही. (चाचणीला मी एकटाच होतो. पण चाळीस म्हणजे चाळीस.)

लगेच पानावर टाकला. स्निपेट पाचवा: अर्ध्या सेकंदाचा रामबाण. लाइक एकतीस! हिशेबाच्या अ‍ॅपवाल्यांनी उचलला, हजेरीच्या अ‍ॅपवाल्यांनी उचलला. एकाने लिहिलं, का चालतं कळत नाही, पण चालतं. याहून मोठी पावती नाही.

शंकासूरची शंका: सर, थांबल्याने फट मिटत नाही, रुंदावते. दोन माणसांनी एक रिकामी खुर्ची बघितली, दोघांनी अर्धा सेकंद डोळे मिटले आणि मग बसायला गेले, तर काय होईल? मी शंकेपुढे निरसन झालं अशी खूण केली. ती खूण करायला अर्धा सेकंदही लागत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
दोन फोन घेऊन पुन्हा चाचणी. एकदा साडेदहा दोघांना गेली. म्हणजे औषध बरोबर आहे, मात्रा कमी पडते. अर्ध्याचे दोन सेकंद केले.

दोन सेकंद माणूस रिकाम्या स्क्रीनकडे कसा बघणार? म्हणून तिथे एक गोल गोल फिरणारा दात ठेवला. बायकोला दाखवला. ती म्हणाली, दात गोड आहे. मग नीट निरखून म्हणाली, पण ही वरची दाढ आहे आणि तू खालची म्हणून लावली आहेस. तरी गोड म्हणालीच. कामाला नाही, दाताला. पण सुरुवात झाली.

साहेबांनी आज सगळ्यांना विचारलं, हल्ली आपली सगळी अ‍ॅप अशी रेंगाळत का चाललीत? मी म्हटलं, नेटवर्क.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. सकाळी ११.३०
योग म्हणतात तो असा. साहेबांची दाढ दुखतेय! गाल धरून बसले होते. मी म्हटलं, साहेब, सोमवारी माझ्या मिसेसकडे या, आणि वेळ माझ्या अ‍ॅपवरून घ्या. दाढही बघून होईल आणि मेळाव्यात कोणी बोलायचं तेही डोळ्यांनी दिसेल. दुसरं वाक्य मनातच म्हटलं. एका दगडात दोन पक्षी.

शंकासूर म्हणाली, सर, तेवढं कुलूप लावू का? सात ओळींचं काम आहे. म्हटलं, तू मेळाव्याच्या खुर्च्यांची यादी कर.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मावशींना सांगितलं, सोमवारपासून रजिस्टर कपाटात. त्या म्हणाल्या, बरं. आणि त्यांनी ते खणात ठेवलं. कपाट आणि खण यांतला फरक मी वाढवत बसलो नाही.

व्यायाम सोमवारपासून.

रविवार, १६ फेब्रुवारी. सकाळी १०.०५
ऐतिहासिक दिवस. बायकोच्या सगळ्या पेशंटना निरोप गेला होता: आज ठीक दहा वाजता सोमवारच्या वेळा खुल्या होतील, त्वरा करा.

पहिल्या मिनिटात अडतीस बुकिंग! दवाखान्यात दिवसाला पंधराच वेळा असतात, तरी अडतीस झाली. मावशींना अडतीस नावं लिहायला सात मिनिटं लागली असती, आणि त्यातल्या तेवीस जणांना तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं. इथे एकालाही नाही म्हणावं लागलं नाही.

बायकोला आकडा सांगितला. ती म्हणाली, अडतीस? म्हटलं, अडतीस. ती पुन्हा म्हणाली, अडतीस? आनंदाने माणसाचे शब्द संपतात.

सोमवार, १७ फेब्रुवारी. सकाळी १०.२५, दवाखाना
मी काउंटरजवळ उभा आहे, शर्ट इस्त्रीचा. साहेब आले. सासरेही आलेत, त्यांना कॅप बसवायची आहे. वातावरण उत्साहाचं.

१०.३१
थोडी गर्दी आहे. साडेदहाचे चार जण निघाले. साहेब, सासरे, एका शाळेच्या मुख्याध्यापिका आणि एक बसचालक. चौघांच्याही फोनवर अभिनंदन. नेटवर्कचं काहीतरी.

१०.४०
खुर्च्या सहा, माणसं एकोणीस. अकराचे लवकर आलेत, तेही तिघं आहेत. बसचालक म्हणतात, मी साडेदहा दाबलं तेव्हा दात फिरत होता. मुख्याध्यापिका म्हणतात, माझाही फिरत होता. सासऱ्यांनी वेळ जावा म्हणून साहेबांना खिडकीकडे नेऊन आ करायला लावलं आणि म्हणाले, ही दाढ काय वाचत नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. तोंड उघडं असल्यामुळे काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

बायको आतून बाहेर आली. हातात मोजे, तोंडावर मास्क. तिने सगळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग आत गेली.

दुपारी २, घरी
पुढचं लिहिलं पाहिजे, नाहीतर या वहीला अर्थ नाही.

मावशींनी कुणाला न विचारता खणातून रजिस्टर काढलं. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कळ कुणाला येतेय, फक्त त्यांनी हात वर करा. सहा हात वर. मग एकेकाला जवळ बोलावून नाव लिहिलं, वेळ मोठ्याने वाचली, पुढचा. कोणी मध्ये बोललं की म्हणायच्या, पेन्सिल एक आहे, थांबा. मुख्याध्यापिकांनी बाकीच्यांची आपणहून रांग लावली. वीस मिनिटांत सगळं मार्गी. साहेबांचा नंबर तिसरा. तोवर ते काउंटरला टेकून मावशींचं लिहिणं बघत होते आणि गाल धरून त्यांना काही काही विचारत होते.

दोन पेशंट मात्र निघून गेले. त्यातल्या एक आजी. म्हणाल्या, तुझ्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं हो. हे त्यांनी माझ्या बायकोला म्हटलं, मला नाही. मला म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती नुसती मान हलवत उभी राहिली.

मला फार वाईट वाटलं. नेटवर्कचं नव्हतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
काल लिहिलेलं वाचलं. जरा जास्तच लिहिलंय. एका दिवसाच्या अनुभवावरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये.

तरी शंकासूरला म्हटलं, तुला ते कुलूप शिकायचं होतं ना, मग लाव. तिने लावलं. सातच ओळी. मी शेजारी बसून मार्गदर्शन केलं: बिस्किटं कुठे आहेत ते सांगितलं. मग आम्ही दोघांनी दोन फोन घेऊन शंभर वेळा साडेदहा दाबलं. शंभर वेळा एकालाच मिळाली, दुसऱ्याला नम्रपणे अकरा सुचवली. ती म्हणाली, सर, हे तुमच्याच चौथ्या स्निपेटमधून घेतलंय. मग जरा थांबून म्हणाली, चौथा खरंच चांगला आहे.

पाचवा तिने पानावरून काढला. विचारलं नाही. मीही विचारलं नाही. दुपारपर्यंत हिशेबाच्या, हजेरीच्या, सगळ्या अ‍ॅपमधून अकरा ठिकाणचे अर्धे सेकंद उपटून काढले. साहेब म्हणाले, आज सगळं पळतंय, काय झालं? त्यांचा अर्धा जबडा अजून बधिर होता. म्हटलं, नेटवर्क सुधारलं. शंकासूर खोकली.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, अ‍ॅप आता पक्कं आहे. ती म्हणाली, असेल. पण पेशंट अजून घाबरलेत, महिनाभर रजिस्टरच राहू दे. रागाने नाही म्हणाली. दमल्यासारखी म्हणाली.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दुपारी ३
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मेळाव्याचं ठरलं. बोलणार शंकासूर. आणि तिच्यासोबत मावशी, रजिस्टर घेऊन. आमच्या मावशी! साहेब म्हणाले, बारा वर्षं आपण कुलूप कुलूप ऐकतोय, पण त्या बाईंनी एका सुतळीत समजावलं. मावशींना त्यांनी स्वतः फोन केला होता. मावशींनी एकच विचारलं, बसायला खुर्ची असेल ना?

कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

मी उठायला लागलो तर साहेब म्हणाले, थांबा, तुमच्याशिवाय हे जमणार नाही. मला वाटलंच होतं. म्हणाले, शनिवारी दवाखाना चालू असतो, मावशी मेळाव्याला आल्या तर काउंटरवर कोणीतरी हवं. डॉक्टरांशी मी बोललोय, त्यांची हरकत नाही. म्हणजे संपूर्ण कार्यक्रमाचा डोलारा माझ्यावर उभा आहे. मी नाही म्हटलं असतं तर मेळावाच कोसळला असता.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.३०
मावशींकडून कामाचा ताबा. कोरं रजिस्टर नेऊन चालणार नाही, म्हणून त्यांनी मेळाव्यासाठी गेल्या वर्षीचं रजिस्टर घेतलं, यंदाचं माझ्याकडे. मावशी म्हणाल्या, एकच सांगते. लिहायला घेतलंत की पूर्ण लिहायचं. आभाळ कोसळलं तरी मान वर करायची नाही. शनिवारचं पान भरलेलं आहे, नवीन फोन आले की पुढच्या दिवसाचं पान घ्यायचं. म्हटलं, मावशी, हे मी लोकांना शिकवतो. त्या म्हणाल्या, हो, ऐकलंय.

बायकोने विचारलं, जमेल ना रे? पहिल्यांदाच मला वाटलं, जमायला हवं.

शनिवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ९.०५, काउंटर
सहाला उठलो. खरंच सहाला.

९.४०
दोन फोन एकदम आणि समोर एक काका. माझा मुख्य धागा थिजला. कुणाकडे बघू? मग मान खाली घातली आणि काकांचं नाव पूर्ण लिहिलं. वडिलांच्या नावासकट. मान वर केली तेव्हा दोन्ही फोन वाजतच होते. लोक थांबतात! हे कुठल्याच पुस्तकात नाही.

११.१५
एका पेशंटला नऊ सेकंद. मावशींचे अकरा. (मोजण्यात एकाचं नाव अर्धवट राहिलं. मोजणं बंद.)

१२.३०
पुढचं पान भरत आलं. एका बाईंनी फोनवर विचारलं, नक्की तेवीस तारखेलाच ना? आवाजात आनंद होता. म्हटलं, बाई, पान समोर उघडं आहे. त्या म्हणाल्या, वा, हल्ली एवढं कोण करतं! एक जण म्हणाला, माझ्यासारख्या नोकरीवाल्याची तुम्ही फार सोय केलीत. मी म्हटलं, कर्तव्य आहे. लोकांना किती थोडक्यात समाधान होतं. नुसतं नीट बोलावं.

त्या रागावून गेलेल्या आजीही आल्या. त्यांना साडेदहाची दिली. मोठ्याने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, जरा सावकाश लिहितोस, पण लिहितोस नीट.

दुपारी २.१५
शेवटचा पेशंट गेला. बायको बाहेर आली, मास्क काढला आणि माझ्या खांद्यावरून पान वाचलं. पंधरा वेळा, पंधरा नावं. एकावर एक नाही, खाडाखोड नाही, प्रत्येकापुढे वय आणि दात कोणता ते. तिने बोट ठेवून पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, छान केलंस काम.

हे तिचेच शब्द आहेत. मी बदललेले नाहीत. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्याऐवजी टेबल पुसलं. आधीच स्वच्छ होतं.

संध्याकाळी ६, घरी
शंकासूरचा फोन. मेळावा गाजला. मावशींनी चार जणांना स्टेजवर बोलावलं, सगळ्यांना एकदम नाव सांगायला लावलं, आणि एकच पेन्सिल हातात धरून त्या शांत बसल्या. चौघंही आपोआप गप्प झाले. टाळ्या थांबेनात. मी म्हटलं, अभिनंदन. मनापासून म्हटलं, आज माझं मन मोठं होतं.

मग मावशींचा फोन. त्यांना आजचं ऐकायचं होतं. मी आवाज स्पीकरवर टाकला, बायकोलाही ऐकू जावं म्हणून. सांगितलं, पंधराच्या पंधरा वेळा भरल्या, एकही टक्कर नाही. मावशी म्हणाल्या, शाबास! पान कुठलं भरलंत? म्हटलं, तुम्ही सांगितलंत तेच, पुढच्या दिवसाचं. तेवीस.

बायकोने हातातली भाजी निवडणं थांबवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मीही बघितलं. तेवीसचा आकडा लाल होता. मग मावशी म्हणाल्या, जावईबापू, सव्वीस वर्षांत त्या पानावर काट मारायची वेळ आली नाही हो. रविवार आहे एवढं ठाऊक असेल, असं मी धरून चालले.

म्हणजे उद्या सकाळी नऊपासून पंधरा माणसं बंद दवाखान्यासमोर येणार, प्रत्येक जण अगदी आपापल्या वेळेला. एकाचीही दुसऱ्याशी टक्कर होणार नाही. साडेदहाला त्या आजी.

बायको खुर्चीत बसली आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी विचारणार होतो, दुपारचे शब्द अजून चालू आहेत का, पण धीर झाला नाही. डोळे पुसत तिने मावशींना सांगितलं, उद्या तुम्ही झोपा, तुमचा कार्यक्रम झालाय, आम्ही दोघं बघतो. मग माझा फोन घेतला, गजर सहाचा लावला, आणि फोन माझ्या उशीपासून लांब, तिच्या बाजूला नेऊन ठेवला.